टॉर्किलच्या जोड्या

आमच्या बेटावरच्या क्रोलाबॉस्ट गावात मूल जन्मलं की बाकीचे लोक त्याचं नाक कुणावर गेलंय ते बघायचे. टॉर्किल बघायचा त्याची उंची. टोपी हातात धरून पाळण्याशी उभा राहायचा, एकदा बापाकडे आणि एकदा आजोबांकडे नजर टाकायचा आणि म्हणायचा, "हा मर्डोच्या थोरल्याबरोबर चालेल." मुख्य भूमीवरून आलेली नवी सून असली तर तिला वाटायचं, पोरं जोडीनं शाळेत जाण्याबद्दल म्हातारा बोलतोय. आम्हीही तिला खरं सांगत नसू. तुझ्या तान्ह्या बाळाला शवपेटी उचलायला नेमून झालंय, हे काय बाळंतिणीला सांगायचं असतं?

पोटापाण्याला टॉर्किल विणकर होता. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याचा माग, आणि डोंगरावर थोड्या मेंढ्या. त्याच्या-माझ्या घरांमध्ये एक बुटकी दगडी भिंत. जन्मभर मी त्या मागाच्या खडखडाटावर भाकरी भाजली. तो थांबला की मला कळायचं, बुवा आता चहाला येणार. लग्न त्यानं केलं नाही. गावात त्याला 'जोडीवाला' म्हणत आणि तोंडावर विचारत, की सगळ्या गावाच्या जोड्या लावतोस, तुझी कुठे अडली? तो म्हणायचा, "माझ्या उंचीची मिळाली नाही." होता तो साडेसहा फुटी, तेव्हा यात खोटं काही नव्हतं.

जोड्या लावायच्या त्या मयतीच्या. आमच्याकडे पेटी खांद्यावरून न्यायची आणि गावातल्या प्रत्येक पुरुषानं खांदा द्यायचा. दोन रांगा धरायच्या, पुढची जोडी थोडं चालली की मागे यायचं, मागच्यांनी पुढे सरकायचं. वाटेत बोलायचं नाही. टॉर्किल बाजूनं चालायचा आणि नुसती मान हलवायचा, त्यासरशी जोडी बदलायची. खांदे सारख्या उंचीचे नसले तर पेटी कलते आणि आतलं माणूस एका कुशीवर सरकतं. ते त्याला खपायचं नाही. "जन्मभर सरळ चालला, आता कशाला वाकडा न्यायचा?" म्हणायचा. गेलेला माणूस अट्टल दारुडा असला तरी हेच म्हणायचा.

वाट लांबची. क्रोलाबॉस्ट सगळा खडकावर. इथे बटाटा लावायला माती टोपलीनं आणावी लागते, तिथे माणूस पुरणार कुठे? आमचं स्मशान डोंगरापलीकडे, पश्चिमेच्या पांढऱ्या वाळूवर. खरं तर आमचं गावच तिकडे होतं. टॉर्किलच्या पणजोबांच्या काळात जमीनमालकाला मेंढ्यांसाठी गवत हवं झालं. त्याच्या कारभाऱ्यानं घरांची छपरं पेटवून दिली आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना गाड्यांत घालून, किनाऱ्याच्या रस्त्यानं वळसा देऊन, या खडकावर आणून टाकलं. मालकानं जिवंतांना हाकललं, पण मेलेल्यांबद्दल काही बोलायला विसरला. मग आमची माणसं मेली की खिंडीतून खांद्यावर बसून आपल्या जमिनीत परत जायला लागली. वाटेत पेटी टेकवायच्या जागा ठरलेल्या. तिथे प्रत्येकानं एकेक दगड ठेवायचा. त्या दगडांच्या राशी आज माणसाच्या छातीएवढ्या झाल्यात. आमच्या गावाचा इतिहास कुणी पुस्तकात लिहिलेला नाही. तो त्या राशींत आहे, आणि त्यावर शेवाळ आहे.

माझा नवरा आयव्हर गेला तेव्हा पेटी पहिल्या राशीपाशी पोचली तरी रांगेचं शेपूट माझ्या फाटकातच होतं. बायकांनी फाटकापर्यंतच जायचं, अशी आमची रीत. मी फाटक धरून उभी होते. टॉर्किलची मान हलताना मला लांबूनही दिसत होती आणि आयव्हर कुठेही कलला नाही. नवरा गेल्याच्या दिवशी मला समाधान वाटलं असं म्हटलं तर लोक नावं ठेवतील. ठेवोत. वाटलं होतं.

त्यानंतर गाव विरत गेलं. हेरिंग मासा गेला, मग बोटी गेल्या. पोरं शिकायला ग्लासगोला गेली आणि सुट्टीला यायला लागली, मग सुट्टीलाही येईनात. शाळा बंद झाली. मी तिथली स्वयंपाकीण. शेवटच्या वर्षी सूप करायचे ते तीन पोरांसाठी, आणि त्यातल्या एकाला सूप आवडायचं नाही. आईबाप गेले की पोरं घर विकायची. घेणारे भले लोक असायचे, खिडक्या रंगवायचे, ऑगस्टात यायचे आणि सप्टेंबरात कुलूप लावायचे. प्रत्येक मयतीला रांग आखडत गेली. म्हाताऱ्या एफीच्या वेळी तर मागे आलेल्या जोडीला दम खायला वेळ मिळेना, लगेच पुन्हा पुढे. त्या दिवशी खिंडीत टॉर्किलनं स्वतः दोनदा खांदा दिला, आणि त्याच्या उंचीचा कुणी उरला नव्हता म्हणून वाकून दिला.

त्या संध्याकाळी तो भिंतीवर कोपरं टेकून उभा राहिला.

"डॉलिना, मला कोण नेणार गं?"

"गाडी नेईल," मी म्हटलं. "काळी, चकचकीत. जन्मात बसला नसशील असल्या गाडीत."

"गाडी खिंडीतून जात नाही."

"किनाऱ्याच्या रस्त्यानं जाते. पोचलास म्हणजे झालं."

तो बराच वेळ भिंतीवरचं शेवाळ नखानं खरवडत राहिला. "त्याच रस्त्यानं कारभाऱ्यानं आमच्या लोकांना गाडीत घालून इकडे फेकलं," तो म्हणाला. "मी त्या रस्त्यानं गाडीत पडून परत जाणार नाही. खिंडीतून जाईन. माणसांच्या खांद्यावरून. माझ्या माणसांच्या."

एवढ्या उंच माणसाला दुसरं काहीच नको होतं. ना पैसा, ना पोरं, ना स्वर्गातली जागा. फक्त आपल्या गावात आपल्याला उचलण्यापुरती माणसं असावीत.

मग तो कामाला लागला. त्याच्या भाचीचा मुलगा रोरी ग्लासगोत सुतारकाम करत होता. बायको नर्स, दोन मुलगे. त्याला परत यायचं होतं, फक्त राहायला घर नव्हतं. होती ती घरं ऑगस्टवाल्यांची. शाळा बंद पडल्यापासून तिचं मैदान मोकळं पडलं होतं. तिथे घरं बांधली तर रोरी येईल, त्याच्या ओळखीची आणखी दोन कुटुंबं येतील. टॉर्किल फोनवर मुलांचा अभ्यास विचारत नसे, त्यांच्या बुटांचं माप विचारायचा. "पाय मोठे आहेत," तो मला येऊन सांगायचा. "दोघंही उंच होणार. एकमेकांबरोबरच चालतील."

त्याच सुमारास बेटावरच्या विकास-कचेरीला आमची आठवण झाली. फेअरबर्न नावाचा एक तरुण साहेब गावाच्या हॉलमध्ये आला. वागायला गोड, हातात नकाशे. क्रोलाबॉस्टचं भविष्य म्हणून त्यानं ते भिंतीवर लावले. शाळेच्या मैदानावर प्रवाशांसाठी लाकडी घरकुलं, समुद्राकडे मोठ्या काचा. खिंडीच्या वाटेवर माहितीचे फलक. लोक लांबून ती वाट चालायला येतील, गावात रोजगार येईल. टॉर्किलनं आधीच त्याच्या कचेरीत निरोप ठेवला होता, की तिथे राहती घरं हवीत. साहेबानं त्याचाही मान राखला. राहत्या घरांचा विचार पुढच्या टप्प्यात नक्की करू म्हणाला. मग त्यानं हसून सगळ्यांकडे पाहिलं आणि कुणाची काही हरकत आहे का म्हणून विचारलं.

कुणी काही बोललं नाही.

आता हे नीट समजून घ्या. बाकीच्या जगात मौन म्हणजे संमती. आमच्याकडे उलटं. आम्हाला एखादी गोष्ट पटली की सगळे एकदम बोलतात, हॉलमध्ये मासळीबाजार होतो. पण पाहुणा आपल्या छपराखाली असताना त्याला तोंडावर नाही म्हणणं म्हणजे त्याच्या पुढ्यातलं ताट ओढण्यासारखं. आम्ही गप्प बसतो आणि आपापल्या बुटांकडे बघतो. एवढ्यावर समजायचं असतं. देवळातला पाद्री समजतो, मेंढ्यांचा व्यापारी समजतो, पाळलेला कुत्रासुद्धा समजतो. त्या दिवशी सगळा हॉल बुटांकडे बघत होता. टॉर्किल पहिल्या रांगेत, कान लालबुंद. मी किटलीपाशी, माझीही नजर खाली. फेअरबर्न क्षणभर थांबला, मनापासून आभार मानले, वहीत काहीतरी लिहिलं आणि माझ्या हातचे स्कोन, म्हणजे छोटे गोडसर पाव, लोणी लावून खाल्ले. टॉर्किलनं त्याला कोट घालायला मदत केली.

घरी परतताना टॉर्किल लांब टांगा टाकत चालला होता, मला त्याच्या मागे धावावं लागत होतं.

"काय बाई, ऐकलंस ना?" तो म्हणाला. "असं खणखणीत 'नाही' या हॉलमध्ये कित्येक वर्षांत झालं नव्हतं. मला तर बिचाऱ्याची दयाच आली."

त्या रात्री त्यानं रोरीला फोन करून सांगितलं, मैदान वाचलं, थोडा धीर धर. रोरीनं धीर धरला. वसंतात, मेंढ्या व्यायच्या दिवसांत, मैदानावर खोदायचं यंत्र आलं. टॉर्किलला वाटलं, राहत्या घरांचा पाया. बघायला गेला तर कामगारानं त्याला प्रवाशांच्या घरकुलांची पाटी दाखवली. फेअरबर्न पिवळी टोपी घालून तिथेच उभा होता. मी मागोमाग गेले, कारण टॉर्किल इतका सावकाश चालताना मी कधी पाहिला नव्हता.

"साहेब, आम्ही नाही म्हटलं होतं," टॉर्किल म्हणाला.

"कधी? कोणी?"

"सगळ्यांनी. हॉलमध्ये. तुम्ही विचारलंत तेव्हा."

"पण आजोबा, तेव्हा तर कुणी काही बोललंच नाही."

"तेच सांगतोय."

फेअरबर्ननं पिवळी टोपी काढली. माणूस वाईट नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उतरताना मी पाहिलं, आणि तो पांढरा पडला. म्हणाला, एक हात जरी वर झाला असता तरी मी सगळं थांबवलं असतं, आता ठेका देऊन झाला, पैसे मंजूर झाले, माझ्या हातात काही राहिलं नाही. टॉर्किलनं मान हलवली. मयतीत हलवायचा तशीच. मग त्यानं त्याला चहाला घरी बोलावलं, कारण पाहुणा होता. देवाशपथ सांगते, त्या यंत्रापेक्षा त्या चहाच्या आमंत्रणानं मला जास्त रडू आलं. फेअरबर्न खलनायक असता तर बरं झालं असतं, कुणावर तरी दात खाता आले असते. आमचं गाव आमच्या सभ्यपणानं मारलं, आता बोंब कुणाच्या नावानं मारायची?

रोरीनं त्या उन्हाळ्यात ग्लासगोच्या कडेला घर घेतलं. फोनवर तो रडत होता म्हणे. टॉर्किलच त्याची समजूत घालत होता, की मुलांच्या शाळेला जवळ पडेल, बरं झालं.

घरकुलं झाली. प्रत्येकाला आमच्या भाषेतलं नाव दिलं, 'चूल', 'शेजार', 'उंबरठा'. 'शेजार'मध्ये शेजारी म्हणून कुणी दोन रात्रींवर राहिला नाही. रोजगार आला तो असा, की मर्डोची बायको पेगी तिथल्या चादरी बदलते. पाहुणे खिंडीच्या वाटेनं जायचे आणि राशींतले दगड काढून एकावर एक तोलून मनोरे रचायचे, फोटो काढायचे. टॉर्किल दुसऱ्या दिवशी जाऊन एकेक दगड परत जागेवर ठेवायचा. प्रत्येक दगड कुणाचा ते त्याला ठाऊक होतं असं मी म्हणणार नाही. त्यालाही ठाऊक नव्हतं, म्हणून तो तिथे बराच वेळ बसून राहायचा. पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि तेही सुटलं. माग कधी बंद पडला ते मला नक्की आठवत नाही. एके दिवशी लक्षात आलं, की कितीतरी दिवसांत तो चहाला आलेला नाही, मीच किटली घेऊन जाते आहे.

"डॉलिना," तो एकदा म्हणाला, "मी मर्डोला सांगून ठेवलंय, गाडी चालेल म्हणून. त्याच्या कमरेचं ऑपरेशन झालंय, त्याला कशाला त्रास."

"तुझं तुला चालेल का?"

तो बुटांकडे बघत राहिला.

नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात तो खुर्चीतच गेला. समुद्र खवळलेला, फेरीबोट बंद. रोरी पलीकडच्या बंदरात सामान घेऊन दोन दिवस अडकून पडला होता. बेटावरच्याच शहरातून प्रेताची गाडी किनाऱ्याच्या रस्त्यानं आली. गाडीवाल्यानं दार उघडलं. माणसं किती उरली होती? कमरेत लोखंड घातलेला मर्डो, त्याचा ठेंगणा भाऊ, पाद्री आणि पोस्टमन. मी म्हटलं, खिंडीतून जायचं. गाडीवाला माझ्याकडे वेड लागल्यासारखा बघायला लागला. मी पुन्हा म्हटलं आणि फाटक ओलांडलं. आमच्याकडच्या कुठल्याच बाईनं ते ओलांडलं नव्हतं. माझ्यामागून पेगीनं ओलांडलं. गाडीवाल्यानं कपाळावर हात मारला आणि मग तोही आला.

आम्ही त्याला पहिल्या राशीपर्यंत कसं नेलं ते मला सांगवत नाही. एका बाजूला मर्डो उंच, दुसऱ्या बाजूला मी. पेटी सगळी माझ्याकडे कलली होती. आत टॉर्किल सरकताना मला खांद्याला कळत होतं. ज्यानं सगळ्या गावाला सरळ नेलं तो एका कुशीवर पडून चालला होता. बदलायला जोडी नव्हती आणि मान हलवायला कुणी नव्हतं. राशीपाशी पेटी टेकवली आणि मर्डो खाली बसला, तो काही उठेना. पाद्री खिंडीकडे बघायचा नि मागे गाडीकडे बघायचा. मलाही कळत होतं, की आता खाली उतरून गाडीतच घालावं लागणार.

तेवढ्यात घरकुलांतली पोरं वर आली. नव्या वर्षाच्या सुट्टीला आलेली सहा जणं, रंगीत जाकिटं, पाठीला पिशव्या. आम्हाला पाहून थांबली, कानटोप्या काढल्या. त्यातला दाढीवाला पुढे आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "माफ करा. आम्ही उचलू का?"

वारा होता. मर्डो बुटांकडे बघायला लागला. त्याचा भाऊ, पेगी, पोस्टमन, सगळे खाली बघत होते. मीही बघत होते, माझ्या बुटाला चिखल लागला होता. आमच्यातलं कुणीही काही बोललं नाही. यापेक्षा खणखणीत 'नाही' म्हणायला आम्हाला येत नाही.

दाढीवाला क्षणभर थांबला. मग त्यानं आभार मानल्यासारखी मान लववली, पिशवी उतरवली आणि पेटीखाली खांदा घातला. बाकीचे पाच जण आले. सगळे तरणेबांड आणि एका उंचीचे, पाळण्यापासून निवडून ठेवावेत असे. पेटी उचलली गेली ती पाण्याच्या रेषेसारखी सरळ. राशीवर दगड ठेवायचा असतो हे त्यांना माहीत नव्हतं, म्हणून मी माझा ठेवला आणि त्यांच्या मागून चालू लागले. खिंडीत त्यातल्या एकानं मागे वळून मला विचारलं, आजोबांचं नाव काय होतं?